मचूळ पाण्याचा चहा

वसुंधराबाई वजनकाट्यावर चढल्या त्या खांद्यावरच्या पिशवीसकट. पिशवीत लसींचा थर्मास होता, बाळांची वजनं करायचा स्प्रिंगचा काटा होता, तीन जाडजूड रजिस्टरं होती आणि सकाळी भरलेला डबा होता. सगळं मिळून चार किलो तरी सहज भरलं असतं, आणि बाईंना नेमके ते चार किलो हवे होते.

"पिशवी खाली ठेवा, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

"राहू द्या हो, हलकी आहे."

"हलकी आहे तर ठेवायला काय हरकत आहे?"

कोपऱ्यात सिरिंजा उकळत बसलेली गंगाबाई फिसकन हसली. आरोग्य केंद्राची ही आया बाईंपेक्षाही जुनी, त्यामुळे कोणाला हसायचं आणि कधी, हे तिला कोणी शिकवायला जात नसे. बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले आणि पिशवी खाली ठेवली. काटा थरथरला आणि बेचाळीसवर थांबला. दिवाळीत हाच काटा पन्नास दाखवत होता.

डॉक्टर गुरुदत्त सामंत वयानं बाईंच्या धाकट्या भावापेक्षाही लहान. केंद्रात येऊन त्यांना सहाच महिने झाले होते, आणि पनवेलपासून खाडीपर्यंतच्या रस्त्यांवर बाई त्यांच्या जन्माआधीपासून चालत असल्यासारख्या वागायच्या. पण परवा लस टोचताना बाईंचा हात थरथरला होता आणि ते डॉक्टरांनी पाहिलं होतं. बाळाला इजा झाली नाही, एवढंच बरं. मात्र 'नर्सबाईचा हात हलका' असं ज्या हाताचं नाव, तो थरथरला म्हणून बाई दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"एक्स-रे स्वच्छ आहे," डॉक्टर कागद चाळत म्हणाले. "साखर नाही. थायरॉइडसाठी मुंबईला पाठवलेलं रक्त, तेही नॉर्मल. नाडी मात्र एकशे आठ. झोप?"

"लागते. उशिरा."

"दिवसाला चहा किती?"

"दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"ते घरचे झाले, सायेब," गंगाबाई चिमट्यानं सुई उचलत म्हणाली. "दारचे सांगायला सांगा की."

मग बाईंनी दारचे मोजले. बोटांच्या पेरांवर एकेक घर घेत गेल्या. ग्रामपंचायतीत एक, शाळेत एक, पाटलांकडे एक, खाडीकडच्या वस्तीत तर घराला एक. बावीस झाले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्या आकड्याची बाईंना लाज वाटली असेल असं कोणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. त्यांची मान जरा ताठच झाली. एकोणीस वर्षांपूर्वी, त्र्याहत्तर साली, खाडीकडच्या या मिठागरावरच्या वस्तीत त्या पहिल्यांदा गेल्या, तेव्हा तिथल्या एकाही बाईनं आपलं मूल त्यांच्यापुढे आणलं नव्हतं. तलाठी यायचे, मीठवाल्यांचे मुकादम यायचे, आणि चहा पुढे आला की कोणाला उपास असायचा, कोणाची बस चुकायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीतल्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात गूळ घालून उकळलेला कोरा चहा, पहिल्या घोटाला नवख्या माणसाला मळमळायचं. वस्तीतल्या हौसा नावाच्या बाईनं तो चहा बाईंच्या हातात दिला होता आणि सहा जणी भिंतीला टेकून बघत उभ्या होत्या. बाई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. वर बशीत सांडलेलाही प्यायल्या. पुढच्या बुधवारी पहिलं बाळ लसीला आलं. तेव्हापासून त्यांनी एकही कप परत पाठवला नव्हता, आणि तालुक्यातल्या कोणत्याही बैठकीत हे सांगायची संधी त्या सोडत नसत.

"चहातल्या कॅफीननं नाडी पळते," डॉक्टर सांगत होते. "शरीर जरा जास्त जाळतं, पण तेवढ्यानं आठ किलो जात नाहीत. खरी गोष्ट वेगळी आहे. भूक मरते. दुपारचा डबा खाता का?"

बाईंची नजर पिशवीकडे गेली. गंगाबाईनं पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि डबा जड होता.

"दहा-बारा किलोमीटर चालायचं, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि जे थोडं खाता त्यातलं लोहसुद्धा चहा अंगी लागू देत नाही. घरचे दोन कप ठेवा. बाकी आजपासून बंद."

"तसं चालत नाही, डॉक्टर. आमच्या कामात चहा..."

"महिन्यानं परत वजन करू. काटा वर गेला नाही, तर तुमची फिरती बंद. इथे केंद्रात बसायचं, रजिस्टरं लिहायची."

तोंडात मारल्यासारखं झालं बाईंना. केंद्रात बसायचं! त्यापेक्षा सरळ घरी बसा म्हणाले असते तर परवडलं असतं.

*

बाकीच्या गावांत त्यांनी निभावून नेलं. "आत्ताच झाला हो शाळेत" म्हटलं, "आज शनिवार" म्हटलं, एकदा तर दाढ दुखते म्हणून गालाला हात लावला. खोटं बोलताना त्यांना स्वतःचा राग येत होता, पण खोटं पचत होतं. वस्तीत मात्र ते चालणार नव्हतं. तिथे हौसा होती.

साठीला टेकलेल्या हौसानं पंचवीस हंगाम डोक्यावरून मीठ वाहिलं होतं. अख्खा तालुका बाईंना 'अहो-जाहो' करायचा, हौसा 'तू' म्हणायची; ती तलाठ्यालाही 'तू'च म्हणायची. आता मीठ तिचा मुलगा भगवान आणि सून वाहायचे आणि हौसा घरी नातवाला बघायची. परेश अडीच वर्षांचा होता. वसुंधराबाईंच्या सगळ्या टापूत वजनाच्या तक्त्यावर तळाच्या, कुपोषणाच्या पट्ट्यात अजूनही अकरा मुलं होती, ती सगळी याच वस्तीतली, आणि त्यांत सगळ्यात खाली परेश.

त्या बुधवारीही बाईंनी पडवीच्या वाशाला काटा अडकवला, झोळीत परेशला बसवलं आणि आकडा वाचला. आठ किलो नऊशे. दोन महिन्यांपूर्वीही तेवढंच होतं. पोर रडलंसुद्धा नाही, झोळीतून नुसतं बघत राहिलं.

"हौसाबाई, पुढच्या महिन्यात वाढला नाही तर अलिबागला दवाखान्यात ठेवावा लागेल."

"आन संगती कोन बसंल? हंगाम हाय. मीठ काय थांबतंय?"

"खायला काय देता?"

"देतो तर सगला. खात नाय. तोंड फिरवतो."

"आणि चहा देऊ नका हो मुलांना," बाई रजिस्टरात आकडा लिहीत म्हणाल्या. हे वाक्य त्या एकोणीस वर्षं दर भेटीत म्हणत आल्या होत्या. हौसानं नेहमीसारखी मान डोलवली आणि नेहमीसारखीच आत गेली. बाहेर आली ती कपबशी घेऊन. बाईंसाठी वस्तीत ही एक कपबशी राखलेली होती, निळ्या फुलांची. बाकी सगळे पेल्यातून प्यायचे.

बाईंनी हात पुढे केला नाही.

"नको, हौसाबाई."

हौसाला वाटलं, चटका बसतोय. तिनं कप खाली ठेवला. "निवू दे जरा."

"तसं नाही. मला चहा बंद केलाय डॉक्टरांनी. खरंच सांगते. वजन उतरलं माझं आठ किलो. चहानं भूकच मरून गेली."

पडवीत भगवान जेवायला टेकला होता. त्याचा घास हातातच राहिला. पलीकडच्या दोन बाया दाराशी उभ्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे बघितलं. हौसानं बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कप उचलला, आत नेला, आणि चहा परत टोपात ओतल्याचा आवाज बाहेर आला.

"मोठी झाली नर्सबाय," भगवान घास तोंडात घालत म्हणाला. "आता आमचा पानी लागत नसंल."

हौसा त्याच्यावर ओरडेल असं बाईंना वाटलं. हौसा आत भांडी आवरत राहिली.

बांधावरून परत येताना दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. समोर लांब कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. बाईंना तो पाण्यातून दिसल्यासारखा दिसला, कारण डोळे भरले होते. एकोणीस वर्षांचं सगळं एका कपात ओतलं गेलं असं त्यांना वाटलं, आणि मग स्वतःचा रागही आला, की एवढ्याशा गोष्टीवर या वयात रडतेस काय, वेडे.

*

पंधरा दिवसांनी त्या परत गेल्या, तर वस्तीत कोणी चहा विचारलाच नाही.

एका घरातही नाही. पंधरा घरं फिरून झाली. बाया पाणी देत होत्या, बसायला गोणपाट टाकत होत्या, मुलांना लसीला पुढे करत होत्या, पण चहाचं नाव नाही. हौसाच्या घरी तर चूलही पेटलेली नव्हती. बाईंना नाही म्हणायचं होतं, त्याची तयारी त्या रस्ताभर करून आल्या होत्या. पण आपल्याला नाही म्हणायची वेळच येऊ नये, हे त्यांना फार लागलं. तलाठी घेणार नाही हे ठाऊक असूनही त्याला विचारतात, मुकादमाला विचारतात. आपल्याला विचारत नाहीत. आपण आता त्यांच्याहूनही परक्या.

घरी डबा मात्र रिकामा जात होता. दुपारी एक वाजला की पोटात खड्डा पडायचा. रात्री पाठ टेकली की डोळा लागायचा. महिना भरला तेव्हा बाई पिशवी न घेता, आपण होऊन काट्यावर चढल्या. चव्वेचाळीस. डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितला. हात स्थिर होता.

"अभिनंदन, सिस्टर. फिरती तुमचीच."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू आलं नाही.

"काय झालं?"

"फिरती माझी आहे हो डॉक्टर. दारं राहिली नाहीत."

गंगाबाईनं चिमटा ठेवला. "काय बिघडलं एक कप घेतला तर? ते काय विष हाय?"

बाईंनी त्या रात्री ठरवून टाकलं. वजन गेलं खड्ड्यात. हौसाकडे जायचं, तिच्याच पडवीत बसायचं आणि चहा मागून घ्यायचा. मागून! आजवर त्यांनी कोणाकडे पाणीही मागितलं नव्हतं.

*

बुधवारी त्या वस्तीत पोचल्या त्या सरळ हौसाच्या पडवीत जाऊन बसल्या. पिशवी बाजूला टाकली. काटा काढला नाही.

"हौसाबाई, टाका चहा."

हौसा पायलीनं तांदूळ मोजत होती. तिनं मान वर केली. "काय?"

"चहा टाका म्हटलं. कोरा. गुळाचा."

"चहा नाय."

"नाय म्हणजे?"

"नाय म्हंजे नाय. घरात पुडीच नाय."

बाईंच्या कानशिलांना झोंबलं. त्या उठल्या आणि कामाला लागल्या. काम हाताशी असलं की माणसाला कुठे बघायचं हा प्रश्न पडत नाही. वाशाला काटा लटकवला, परेशला उचललं, आणि उचलतानाच त्या थबकल्या. पोर हाताला वेगळं लागत होतं. वर पाय झाडत होतं. झोळीत घातलं तर त्यानं असा हंबरडा फोडला की शेजारच्या दोघी धावत आल्या.

काटा नऊ किलो सहाशेवर थांबला.

बाईंनी परेशला उतरवलं, काटा शून्यावर आहे का पाहिलं, परत झोळीत घातलं. नऊ सहाशे. काटा बिघडला असणार. त्यांनी शेजारणीचं मूल मागितलं. चारशे ग्रॅमनं वर. पलीकडच्या घरातली जुळी मागवली. एक साडेतीनशेनं, एक अर्ध्या किलोनं. एकेक करत तक्त्याच्या तळाची ती अकरा मुलं वाशाला लटकली आणि उतरली. नऊ जण वर गेले होते. रजिस्टरात आकडे लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, एवढं दाबून बाई लिहीत होत्या.

"काय दिलंत यांना?"

"काय देनार? पेज. भात. कालवन. भाकर चुरून." हौसाचा आवाज चढला. असा आवाज तिला शोभत होता. नातवाचं वजन सगळ्या वस्तीसमोर वाचलं गेलं होतं. "मागतो आता! सकालच्या पारी उठला का चुलीजवल येऊन बसतो. काल मासोलीची आख्खी तुकडी खाल्ली. आख्खी!"

"आणि आधी मागत नव्हता?"

"आदी चहा प्याला का गप पडायचा. माय-बाप आगरावर, पोर रडाया लागला का देयाचा वाटीभर. मग भूक कसची लागते?"

"आता देत नाही चहा?"

"आता वस्तीत पुडीच येत नाय. पोरांच्या नजरंला पडला तर मागतील, म्हून मोठ्यांनी पन सोडला. माजा डोका फुटायची पाली आली पयले चार दिस. हा भगवान तर दुकानात जाऊन चोरून पिऊन आला, मी वासावरून वलखला."

दाराशी उभा असलेला भगवान खाली मान घालून हसला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"तू नको बोललीस त्या दिसापासून."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "हौसाबाई, मी एकोणीस वर्षं सांगतेय. दर फेरीला सांगतेय, मुलांना चहा देऊ नका. घसा कोरडा पडला माझा सांगून सांगून."

"सांगायचीस ना. कोन नाय बोलतो? सांगायचीस, आन हातात तुज्या कप आसायचा." हौसा हे अगदी सहज म्हणाली, तिनं सूप उचललं आणि तांदळातले खडे बघायला लागली. "आमाला वाटायचा, नोकरी हाय तिची, बोलाया लागत आसंल. चहा खरंच वंगाल आसता, तर ही कशाला प्याली आसती? त्या दिशी तू बोललीस आठ किलो ग्येला. मी तुला बगितला. तू येवढी मोठी बाय, दोन टायमाची जेवनारी. तुजा आठ किलो ग्येला, तर ह्याचा काय ऱ्हाईल? ह्याचा समदा मिलून नऊ किलो."

बाईंचा चेहरा तापला. जी गोष्ट त्यांनी आजवर छाती फुगवून सांगितली, बैठकीत सांगितली, नव्या मुलींना शिकवताना सांगितली, ती हौसानं तांदळातल्या खड्यासारखी उचलून बाजूला टाकली होती. एकोणीस वर्षांत किती मुलं या वाशाला लटकली असतील, हा हिशेब त्यांच्या मनात सुरू झाला, आणि त्यांनी तो होऊ दिला. टाळला नाही.

"मला वाटलं तुम्ही रागावलात," त्या अखेर म्हणाल्या. "मागच्या वेळी चहाला विचारलंसुद्धा नाहीत."

"तुला डाक्टरनं बंद केलेला, आन तुज्यासमोर नाचवायचा का? येवढी काय आमाला अक्कल नाय?"

भगवान पुढे आला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत मिठानं पांढरे झाले होते. त्यानं परेशला काखेत धरून वर उचललं आणि बाईंसमोर धरलं.

"धर नर्सबाय. बग, हाताला लागतो का नाय आता?"

बाईंनी पोराला घेतलं. लागत होता. चांगला लागत होता. परेशनं त्यांच्या चष्म्याला हात घातला, आणि हौसा, भगवान, दारातल्या बाया, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, की बघ, आमचं पोर बघ. वसुंधराबाईंनाही आपला चेहरा तसाच झाला असल्याचं जाणवलं. लाज वाटत होती ती वाटतच होती; पण तिच्या शेजारीच हा दुसरा अभिमान येऊन बसला होता आणि तो उठायला तयार नव्हता.

*

ऊन कलायच्या आत त्यांना पुढचं गाव उरकायचं होतं. त्या गावात शिरताच पहिल्याच घराच्या ओट्यावर वेणू बसली होती. गेल्या वर्षी तिच्या बाळंतपणाला बाईच होत्या. आता ते बाळ तिच्या मांडीवर बसून तिच्या बशीतून चहा फुरकत होतं. ओट्याच्या खाली तिघी-चौघी भाजी निवडत होत्या.

"या ना बाई, टेका जरा," वेणूनं हाक दिली. "चहा तयार आहे. घोटभर घेऊन जा."

मागच्या वेळी इथेच बाईंनी दाढ दुखते म्हणून गालाला हात लावला होता.

"नको," बाई म्हणाल्या. "मी चहा सोडला."

"आँ? तुम्ही?" भाजी निवडणाऱ्या बायकांतली एक हसली. वेणूही हसली. बशी बाळाच्या ओठांशीच होती. "तुम्ही आणि चहा सोडला? काहीतरीच!"

वसुंधराबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि ओट्यासमोर सरळ उभ्या राहिल्या.

"सोडला," त्या पुन्हा म्हणाल्या, या खेपेला पलीकडच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात.